पंचवीस रुपयांची वर्गणी

आमच्या जांभूळ गावाचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा एकाच कारणाने. एमआयडीसीचे जलशुद्धीकरण केंद्र इथे आहे. ते दुरुस्तीसाठी बंद ठेवले की आसपासच्या शहरांत कुठे ना कुठे नळ कोरडे पडतात आणि मग 'जांभूळ' हा शब्द छापून येतो. एरवी गावाची दखल घेण्याचे कोणाला कारण नसते. गेल्या उन्हाळ्यात मात्र इथे एक सभा झाली. तिची बातमी कुठेच आली नाही, येण्यासारखी ती नव्हतीही. पण हा लेख तिच्यामुळे लिहिला जात आहे.

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या पट्ट्यातल्या गणित शिकवणाऱ्यांचे एक लहानसे मंडळ आहे. मी त्याचा खजिनदार. माझे रोजचे काम संशोधनाचे, शाळेत मी शिकवत नाही. पण हिशेब ठेवायला 'डॉक्टर' बरा, असे कोणाला तरी वाटले आणि नऊ वर्षांपूर्वी पावतीपुस्तक माझ्या हाती आले ते आजवर सुटलेले नाही. त्या दिवशी वार्षिक सभेला अकरा जण जमले होते. गणसंख्या पंधरा. नियमाप्रमाणे सभा तहकूब केली, अर्धा तास चहा घेतला आणि त्याच जागी, त्याच अकरा जणांची तहकूब सभा सुरू केली. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. संस्था चालवलेल्या कोणत्याही मराठी माणसाला हा विधी परिचयाचा असेल.

विषय क्रमांक चार होता 'कार्यवाहांची निवड'. आमचे जुने कार्यवाह सतरा वर्षे काम करून आता मुलाकडे राहायला जाणार होते. कोणी नाव सुचवेना. शेवटी मागच्या बाकावरच्या एका तरुण शिक्षिकेने हात वर केला. आम्हाला वाटले, प्रश्न सुटला. त्या म्हणाल्या, "सर, मी फक्त विचारतेय. हे मंडळ असावेच कशाला? पुस्तके आता मोबाइलवर मिळतात. व्याख्याने यूट्यूबवर आहेत. मग वर्गणी, इतिवृत्त, ऑडिट, चेंज रिपोर्ट हे सगळे कोणासाठी करायचे?"

मी तेव्हा जे उत्तर दिले ते इतके गुळमुळीत होते की इथे लिहिण्यासारखे नाही. परिचय, देवाणघेवाण, व्यासपीठ असले शब्द त्यात होते. बाई मान हलवून गप्प बसल्या. कार्यवाहांची निवड पुढच्या सभेपर्यंत लांबणीवर टाकली गेली. घरी आल्यावर मात्र प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्या देशात गणितवाल्यांचे पहिले मंडळ कोणी काढले, कशाला काढले, आणि त्यात फुकट राबले कोण, हे मी पुन्हा नीट वाचायला घेतले. त्या इतिहासाचे एक टोक पुण्यात आहे आणि दुसरे, आश्चर्य वाटेल, आमच्याच लोकलच्या मार्गावर.

२५ डिसेंबर १९०६ रोजी व्ही. रामस्वामी अय्यर या गृहस्थांनी आपल्या काही मित्रांना एक पत्र पाठवले. अय्यर प्राध्यापक नव्हते. मद्रास इलाख्यात महसूल खात्यात ते अधिकारी होते, डेप्युटी कलेक्टर. दिवसभर जमाबंदी आणि तंटेबखेडे, रात्री भूमिती असा त्यांचा क्रम. पत्रातली अडचण अगदी साधी होती. गणितात बाहेर काय चालले आहे हे कळायचे तर युरोपातली नियतकालिके आणि नवी पुस्तके हवीत. ती एकट्याने विकत घेणे परवडत नाही. कॉलेजांच्या ग्रंथालयांत ती नसतात. तेव्हा आपण काही जणांनी वर्षाला पंचवीस रुपये काढावेत, त्यातून पुस्तके व नियतकालिके मागवावीत आणि ती सभासदांमध्ये फिरवावीत.

इथे पंचवीस रुपये म्हणजे किती, हे पाहिले पाहिजे. पुढे १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये एक कारकून लागला, त्याचा पगार महिना तीस रुपये होता. म्हणजे ही वर्गणी कारकुनाच्या जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढी. आमच्या मंडळाची वर्गणी वर्षाला दोनशे रुपये आहे आणि ती गोळा करताना मला तीन-तीन फोन करावे लागतात. अय्यरांना होकार देणारे वीस जण मिळाले. वीस गुणिले पंचवीस, पाचशे रुपये. एवढ्या भांडवलावर ४ एप्रिल १९०७ रोजी 'अ‍ॅनालिटिक क्लब' स्थापन झाला. थोड्याच दिवसांत त्याचे नाव 'इंडियन मॅथेमॅटिकल क्लब' झाले आणि नवी घटना तयार झाल्यावर 'इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'. हीच आज देशातली सर्वांत जुनी चालू असलेली गणित संस्था. कलकत्त्याची सोसायटी १९०८ ची.

अय्यरांनी आणखी एक गोष्ट केली. पहिले अध्यक्ष बी. हनुमंत राव झाले. अय्यरांनी स्वतःकडे चिटणिसाचे काम घेतले. अध्यक्षपद त्यांच्याकडे आले ते १९२६ मध्ये, म्हणजे जवळपास वीस वर्षांनी.

जगात इतरत्रही अशा संस्थांचा जन्म असाच, चार माणसांच्या हौसेतून झालेला दिसतो. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी १८६५ मध्ये सुरू झाली ती युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या दोन तरुणांच्या कल्पनेतून. त्यातला एक ऑगस्टस डी मॉर्गन यांचा मुलगा, आणि पहिले अध्यक्ष खुद्द डी मॉर्गन. (डी मॉर्गन यांचा जन्म मदुराईचा, हे वर्गात सांगितले की मुलांना मजा वाटते.) अमेरिकेची सोसायटी १८८८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाली तेव्हा सहाच माणसे होती. आमच्या सभेला अकरा होती, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

पण त्या सहा जणांची आणि लंडनकरांची एक सोय होती. ते एका शहरात राहत होते, संध्याकाळी एकत्र जमू शकत होते. अय्यरांचे वीस सभासद वेगवेगळ्या गावी विखुरलेले. त्यामुळे हे मंडळ खऱ्या अर्थाने चालत होते पोस्टाच्या थैलीत. मग पुस्तके ठेवायची कुठे? इथे पुण्याचा संबंध येतो. मंडळाचे मुख्यालय आणि ग्रंथालय फर्ग्युसन कॉलेजात ठेवायचे ठरले, कारण तिथे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे होते.

रँग्लर परांजपे हे नाव आपल्याकडे कोणाला सांगायला नको. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा मुलगा केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाला, तो मान मिळवणारा पहिला भारतीय. परत येऊन ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले आणि १९०२ पासून प्राचार्य होते. याच कॉलेजात त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ म्हणावेत असे नात्यातले धोंडो केशव कर्वे १९१४ पर्यंत गणित शिकवत होते. हिंगण्याचे आश्रम चालवून उरलेल्या वेळात की आश्रम उरलेल्या वेळात, कोण जाणे. एकूण, विनावेतन कामाची हवा त्या आवारात होतीच. परांजपे मंडळाचे ग्रंथपाल झाले.

'ग्रंथपाल' हा शब्द आपल्याला भारदस्त वाटतो. पोस्टाने फिरणाऱ्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालाचे काम कसे असते, हे मला थोडे माहीत आहे, कारण आमच्या मंडळाचीही एक पत्र्याची पेटी शाळाशाळांत फिरत असे. पुस्तक बांधायचे, पत्ता घालायचा, तिकिटे चिकटवायची, वहीत तारीख लिहायची, मुदत संपली की आठवणीचे कार्ड टाकायचे. ते परत आले तर पाने मोजायची, आले नाही तर पुन्हा कार्ड. यात गणित काहीही नाही. केंब्रिजच्या परीक्षेत पहिला आलेल्या माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही जबाबदारी डोक्यावर घेतली. त्यामुळे मद्रास इलाख्यातल्या एखाद्या लहान गावातल्या शिक्षकाच्या हाती युरोपातले ताजे नियतकालिक पडू लागले. हे ग्रंथालय पुढे मद्रासला गेले. आज ते तिथल्या रामानुजन इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

१९०९ पासून मंडळाने स्वतःचे नियतकालिक काढले. संपादक होते बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजचे एम. टी. नारायण अय्यंगार. त्यात लेख असत, परीक्षणे असत आणि शेवटी 'प्रश्न व उत्तरे' असा विभाग असे. कोणीही प्रश्न पाठवावा, कोणीही सोडवावा. शाळेतल्या भित्तिपत्रकावर आपण 'या आठवड्याचे कोडे' लावतो, तसाच प्रकार. १९११ मध्ये या विभागात एक प्रश्न आला:

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …)))) याची किंमत काढा.

एक अंक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. सहा महिने झाले तरी कोणाचेही उत्तर आले नाही. शेवटी प्रश्नकर्त्यानेच उत्तर दिले: ३. प्रश्नकर्त्याचे नाव एस. रामानुजन. वर ज्या तीस रुपये पगाराच्या कारकुनाचा उल्लेख केला, तो हाच.

हे उदाहरण नववी-दहावीच्या वर्गात करून पाहण्यासारखे आहे. ३ चा वर्ग ९, आणि ९ म्हणजे १ + २×४. म्हणून ३ = √(१ + २×४). आता ४ चा वर्ग १६ = १ + ३×५, म्हणून ४ च्या जागी √(१ + ३×५) लिहा. ५ चा वर्ग २५ = १ + ४×६, म्हणून ५ च्या जागी √(१ + ४×६). असे लिहीत गेले की प्रश्नातली रचना आपोआप उभी राहते. मुळाशी सूत्र आहे ते आपल्या रोजच्या ओळखीचे: कोणत्याही संख्येचा वर्ग उणे एक म्हणजे तिच्या आधीच्या व नंतरच्या संख्यांचा गुणाकार.

पण इथे थांबू नका. एखादी चौकस मुलगी म्हणेल, ४ पासून सुरुवात केली तर? ४ चा वर्ग १६ = १ + २×७.५. मग ७.५ चा वर्ग ५६.२५, तो म्हणजे १ + ३×१८.४१६…, आणि असेच पुढे. म्हणजे याच युक्तीने उत्तर ४ सुद्धा 'सिद्ध' होते! मग ३ च बरोबर कशावरून? याचे उत्तर असे, की ही न संपणारी रचना म्हणजे काय ते आधी ठरवावे लागते. ती कुठे तरी तोडून किंमत काढायची, मग एक पायरी पुढे तोडून काढायची आणि त्या किमती कुठे सरकतात ते पाहायचे. ४ नंतर तोडली तर किंमत सुमारे २.५६ येते, ५ नंतर तोडली तर २.७६, ६ नंतर २.८७. त्या वाढत जातात, पण ३ ओलांडत नाहीत, आणि ३ च्या हव्या तितक्या जवळ जातात. हे शेवटचे विधान सिद्ध करावे लागते. रामानुजननी छापलेल्या उत्तरात ते नव्हते. ती उणीव मला त्रासदायक वाटत नाही. ज्या नियतकालिकात असा प्रश्न आणि असे अपुरे उत्तर छापून येऊ शकत होते, त्याचे मला जास्त कौतुक वाटते.

कारण त्याच वर्षी रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध, बर्नुली संख्यांवरचा, याच नियतकालिकात आला आणि तो छापण्याजोगा होईपर्यंत संपादकांची दमछाक झाली होती. लिहिणाऱ्याला शोधनिबंध कसा लिहितात हे कोणी शिकवलेले नव्हते. पायऱ्या गाळलेल्या, खुलासे नाहीत, पद्धत सर्वस्वी स्वतःची. हस्तलिखित संपादकांकडून लेखकाकडे आणि लेखकाकडून संपादकांकडे अनेक खेपा फिरले. नारायण अय्यंगार कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात, मानधनाशिवाय हे करत होते. 'समजत नाही, साभार परत' असे लिहून मोकळे होणे सर्वांत सोपे होते. वर्गातल्या एखाद्या मुलाची वही अशीच असते: उत्तर बरोबर, रीत गायब. ती वही घेऊन किती वेळ बसायचे, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला पडलेला आहे.

रामानुजन मुळात या मंडळापर्यंत पोचले कसे? एफ. ए. नापास झालेला, नोकरी नसलेला हा तरुण १९१० च्या सुमारास वह्या घेऊन तिरुक्कोयिलूरला रामस्वामी अय्यरांकडे गेला. मागणी होती महसूल कचेरीतल्या कारकुनीची. अय्यरांनी वह्या पाहिल्या आणि नोकरी दिली नाही. या माणसाला कचेरीच्या तळाशी गाडून टाकायचे पाप नको, असे त्यांना वाटले. नुसता नकार दिला असता तर आज आपण त्यांना दोष दिला असता. त्यांनी मद्रासच्या गणितवाल्यांसाठी शिफारशीची पत्रे दिली. तिथून पी. व्ही. शेषू अय्यर, तिथून नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव. हे राव मंडळाच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी होते. त्यांनी काही काळ रामानुजनना पदरचे महिना पंचवीस रुपये दिले. पुन्हा पंचवीस! पोर्ट ट्रस्टमध्ये ज्यांच्या हाताखाली रामानुजन लागले ते एस. नारायण अय्यर हेही मंडळाचे सभासद, आणि अनेक वर्षे खजिनदार. खजिनदार या जमातीबद्दल मला आपुलकी असणे स्वाभाविक आहे. पण हा खजिनदार रात्री रामानुजनबरोबर पाटी घेऊन गणिते करत बसे, हे विसरता येत नाही. हार्डींना पहिले पत्र गेले १६ जानेवारी १९१३ रोजी. तोवर हा तरुण मंडळाच्या नियतकालिकात छापून येऊ लागून दोन वर्षे होत आली होती. त्याने तिथे मांडलेल्या प्रश्नांची संख्या पुढे साठाच्या घरात गेली.

केंब्रिजची गोष्ट सगळे सांगतात. वीस माणसांच्या या क्लबची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मला वाटते, तिच्यात नाट्य कमी आहे म्हणून. पत्र, पावती, टपाल, मुद्रिते तपासणे, एवढेच तिच्यात आहे.

सगळेच चांगले होते असे मात्र नाही. पंचवीस रुपये देऊ शकणारा शाळाशिक्षक तेव्हा विरळाच. कारभार सगळा इंग्रजीत. स्थापनेच्या कथेत एकाही स्त्रीचे नाव येत नाही. शिवाय मंडळ वाढले तसे नियतकालिक अवघड होत गेले. १९१६ मध्ये मद्रासला पहिली परिषद भरली, १९१९ मध्ये दुसरी मुंबईत, पुढे लाहोर, पुणे. संशोधन वाढले आणि शिक्षकाच्या हाती पडणारी पाने कमी होऊ लागली. यावर उपाय म्हणून १९३३ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' हे वेगळे नियतकालिक निघाले, ए. नरसिंह राव त्याचे पहिले संपादक. शिकवणारे, शिकणारे आणि हौशी यांच्यासाठी ते होते. मूळ नियतकालिक पुढच्या वर्षापासून नव्या मालिकेत, संशोधनाला वाहिलेले झाले. ही वाटणी योग्यच होती, पण तिची किंमतही होती. ज्या अंकात बर्नुली संख्या आणि गंमतीचे वर्गमूळ शेजारी शेजारी बसत, तसा अंक पुन्हा निघाला नाही.

आता आमच्या लोकलकडे येतो.

१९२३ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचा विद्यार्थी दाखल झाला. जन्म डहाणूचा, १९०५ चा, शाळा ठाण्याची. १९२७ मध्ये त्याला गणितातल्या स्वतंत्र कामासाठी बक्षीस मिळाले, त्या बक्षिसाला नाव होते रँग्लर परांजप्यांचे. १९२९ मध्ये बी. एस्सी. झाल्यावर त्याने पुढची पदवी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत, बत्तीस वर्षे, कापरेकर देवळालीला शाळेत शिकवत होते.

त्यांनी संख्यांच्या एका प्रकाराला 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. डेम्लो हे कोणा परदेशी गणितीचे नाव नव्हे. ते आपले डोंबिवली! जी. आय. पी. रेल्वेच्या या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली. संख्येचे तीन भाग करायचे. पहिला आणि शेवटचा भाग मिळवले की जो अंक येतो, तोच मधल्या भागात असला पाहिजे, एकदा किंवा अनेकदा. १६५ पाहा: १ + ५ = ६. २५५३ पाहा: २ + ३ = ५. १११ चा वर्ग १२३२१ सुद्धा याच कुळातला: १२ + २१ = ३३, आणि मध्ये ३. डोंबिवलीच्या फलाटावर गाडीची वाट पाहत रोज लाखो माणसे उभी असतात. त्यातल्या एकाला संख्या दिसल्या.

कापरेकरांचे नाव जगभर झाले ते ६१७४ मुळे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. आपण मंडळाच्या स्थापनेचे साल घेऊ, १९०७.

९७१० − ०१७९ = ९५३१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आणि पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च. कोणत्याही संख्येला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. १९०७ ला पुऱ्या सात लागल्या, हा निव्वळ योगायोग. तिसरी-चौथीतल्या मुलाला वजाबाकी येत असली तरी पुरे. घरचा अभ्यास म्हणून द्या आणि प्रत्येकाला वेगळी संख्या द्या. सकाळी सगळ्यांचे उत्तर एकच आले की वर्गात जो गोंधळ होतो, तो पाहण्यासारखा असतो.

कापरेकरांनी हे मांडले कुठे? १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत. एक शाळामास्तर, पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाचा पाठिंबा नाही. त्यांच्या कामाला क्षुल्लक समजून हसणारे विद्वान तेव्हा होते. मीही एक कबुली देतो: विद्यार्थिदशेत मीसुद्धा ६१७४ ला 'पोरखेळ' म्हटले होते, आणि ते सिद्ध करायला बसल्यावर दोन दिवस घालवले होते. पण परिषद भरत होती, तिथे वक्ता म्हणून नाव नोंदवता येत होते, आणि देवळालीचा शिक्षक फळ्यासमोर उभा राहून आपली वजाबाकी मांडू शकत होता. १९५३ मध्ये त्यांचे टिपण अमेरिकेतल्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त आले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले. निवृत्तीनंतर शिकवण्या करून ते दिवस काढत होते. १९८६ मध्ये ते वारले.

रामानुजन आणि कापरेकर यांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. ती अन्यायाची होईल, दोघांवरही. मला दिसले ते एवढेच, की दोघांनाही पहिला फळा दिला तो विद्यापीठाने नव्हे. ज्या कामांत गणित नाही अशी कामे करणाऱ्या माणसांनी तो आधी टांगून ठेवला होता.

पुढे महाराष्ट्रात बरेच काही झाले. १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढले. १९८९ पासून भारताचा संघ आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला जाऊ लागला, १९९६ चे ऑलिंपियाड मुंबईतच झाले, आणि त्यासाठी ठिकठिकाणी मुलांना तयार करण्यासाठी अनेक प्राध्यापक व शिक्षक सुट्ट्या खर्ची घालू लागले. आमच्यासारखी जिल्ह्या-तालुक्याची मंडळे ही या सगळ्याच्या तळाशी असलेली, कोणाच्या खिजगणतीत नसलेली वस्ती. आमचे काम म्हणजे वर्षातून एक प्रज्ञा परीक्षा, दोन व्याख्याने, ती पेटी आणि ऑडिट. एकदा परीक्षेच्या सकाळी एका शाळेने कबूल केलेली खोली उघडून दिली नाही. किल्ली कोणाकडे तरी होती आणि तो कोणी तरी गावाला गेला होता. चौसष्ट मुलांनी व्हरांड्यात, पायऱ्यांवर बसून पेपर लिहिला. त्या दिवशी मी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. संध्याकाळी उत्तरपत्रिका तपासताना सहावीतल्या एका मुलीच्या वहीत उत्तर बरोबर आणि रीत गायब असलेले एक गणित सापडले. ते समजून घेण्यात रात्र गेली आणि राजीनामा धुण्यात.

तर त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. पुस्तके मोबाइलवर मिळतात हे खरे. अय्यरांच्या पत्रातली अर्धी अडचण आज उरलेली नाही, आणि तेवढ्यासाठी मंडळ चालवायचे असेल तर ते बंद करावे, असे माझेही मत झाले आहे. पेटी आम्ही एका शाळेच्या ग्रंथालयाला देऊन टाकू. पण दुसरी अडचण तशीच आहे. ज्याला काही सुचले आहे आणि ते नीट मांडता येत नाही, त्याचे हस्तलिखित चार वेळा परत पाठवून पाचव्यांदा छापणारा माणूस यूट्यूबवर मिळत नाही. नोकरी मागायला आलेल्याच्या वह्या पाहून योग्य पत्ता लिहून देणारा माणूसही नाही. त्यासाठी पत्ते माहीत असावे लागतात, आणि पत्ते माहीत होण्यासाठी कुठे तरी सभासदांची यादी ठेवावी लागते.

हेच सगळे मी पुढच्या सभेत सांगितले. बोलणे लांबले, जुन्या कार्यवाहांनी दोनदा घड्याळ पाहिले. या वेळी गणसंख्या पुरी झाली होती, सोळा जण होते. बाई म्हणाल्या, "एक वर्ष करते. पण परीक्षेच्या जोडीला 'प्रश्न मुलांचे, उत्तरे कोणाचीही' असे एक पान काढायचे. दर महिन्याला. छपाईचा खर्च मंडळाचा." कोणी तरी विचारले, पैसे कुठून आणणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

पहिल्या पानासाठी आतापर्यंत तेवीस प्रश्न आले आहेत. त्यातला एक आठवीतल्या मुलाचा आहे: चार अंकांना ६१७४, तर पाच अंकांना काय? मी त्याला उत्तर कळवलेले नाही. वर्गणी मात्र आम्ही वाढवून अडीचशे केली आहे, आणि पाच जणांची अजून यायची आहे.